मिलानच्या कोर्टात संक्रांतीचं वाण

शपथ घ्यायला ना गीता, ना देवाचा फोटो. नुसतं तोंडानं म्हणायचं, की जे ठाऊक आहे ते खरं सांगेन, काही लपवणार नाही. मी मराठीत म्हणाले, शेजारच्या दुभाषी मुलीनं ते इंग्रजीत म्हटलं, समोरच्या तिघा न्यायाधीशांनी माना हलवल्या आणि झाली म्हणे शपथ. मला वाटलं होतं, परदेशातलं एवढं मोठं कोर्ट, निदान घंटा तरी वाजवतील!

पण असं मधूनच सांगायला लागले तर तुमच्या डोक्यावरून जाईल. पहिल्यापासून सांगते.

मी हेमलता बोंगाळे. जयसिंगपूरच्या पाचव्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान होतं. अर्ध्या गावाच्या ब्लाउजची मापं मला तोंडपाठ होती आणि अर्ध्या गावाची भांडणंसुद्धा. आमचे मालक गेले तसा मुलगा म्हणाला, "आई, दुकान बंद कर आता, इकडं ये." इकडं म्हणजे इटलीत, तुरीनला. नरसोबाच्या वाडीला नवस बोलून झालेला हा मुलगा, म्हणून नाव ठेवलं अवधूत, आणि हा गेला सातासमुद्रापलीकडं चिकटपट्ट्यांवर संशोधन करायला. मी त्याला चिडवायचे, "एवढं शिकून शेवटी डिंकच ना रे?" तो हसायचा. तेव्हा हसायचा.

मला बोलावलं ते काही नुसत्या मायेपोटी नव्हे. माझी सून केतकी, हिला फिट यायच्या. घरात कायम कुणीतरी हवं. हे मला लग्नाआधी ठाऊक होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. गडहिंग्लजहून एकटी एसटीनं माझ्या दुकानात आली, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी आधी सांगते. मला फिट येतात. तुम्ही नको म्हणालात तर मी अवधूतला समजावीन." बाई गं! मला ती तिथंच आवडली. मी तिच्या दंडाचं माप घेतलं आणि लग्नाचा ब्लाउज शिवायला टाकला.

आता फिटचं शास्त्र सांगते. मला अवधूतनं जेवताना इतक्या वेळा सांगितलंय, की मी परीक्षेला बसू शकेन. आपला मेंदू बारीक बारीक विजेनं बोलतो. ती वीज कपाळापर्यंत पोचते, पण अगदीच अशक्त. डॉक्टर डोक्याला वायरींची टोपी घालून ती मोजतात. फिट यायच्या काही मिनिटं आधी त्या लहरींची चाल बदलते. ती चाल वेळीच ओळखली तर माणूस आडवा होऊ शकतो, गोळी जिभेखाली ठेवू शकतो, गॅस बंद करू शकतो. अडचण एकच. वायरींची टोपी घालून कुणी बाजारात जात नाही, आणि कपाळाला चिकटवायच्या पट्ट्या घाम आला की सुटतात. सुटल्या की त्यांना काही ऐकू येत नाही.

अवधूतनं काय केलं, तर रेशमाच्या कोशाला जो नैसर्गिक चीक असतो तो घेतला आणि कोळशाच्या बारीक शाईत असा मुरवला, की घामातलं मीठ मिळालं की तो जास्तच घट्ट धरायचा आणि वीजही जास्त चांगली वाहून न्यायचा. सगळ्यांनी घामाला शत्रू मानलं, ह्यानं त्याला नोकरीवर ठेवलं. त्याची बनली एक काळी, गोल, पातळ चकती. वर साबुदाण्याएवढी चिप बसवायची, मनगटात कडं घालायचं. लहरींची चाल बदलली की कडं थरथरतं.

केतकीनं पहिल्यांदा ती कपाळावर लावून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही तर टिकली!"

त्या टिकलीनं आमचं घर बदललं. ती एकटी ट्रामनं जायला लागली. गॅसपाशी एकटी उभी राहायला लागली. कडं थरथरलं, की शांतपणे "आई, आलीय हं," म्हणून सोफ्यावर आडवी व्हायची. फिट यायची, पण पडणं गेलं, तोंड फुटणं गेलं. अवधूत तिच्यासाठी प्रयोगशाळेतून डबा भरून टिकल्या आणून ठेवायचा. तिला बजावलं होतं, "पेटंटचा अर्ज मार्चमध्ये जाईल. तोपर्यंत हे कसं बनवलंय ते कुणाला सांगायचं नाही." ती म्हणाली होती, "मला तरी कुठं ठाऊक आहे कसं बनवलंय?"

मग जानेवारीत संक्रांत आली.

तुरीनला आपली मराठी माणसं बरीच आहेत. केतकीनं घरी हळदीकुंकू ठेवलं. सकाळी मी तिळगूळ करत होते, तर ही कपाट उघडून तो डबा काढते.

"आई, वाण म्हणून हे द्यायचं."

"अगं, प्लॅस्टिकच्या डब्या आणल्यात की!"

"त्या डब्या सगळ्यांच्या घरी रग्गड आहेत. काळ्या साडीवर काळी टिकली, किती छान दिसेल."

"पण त्या अवधूतच्या ना? तो नको म्हणाला होता."

"कसं बनवलं ते सांगू नको म्हणालाय. टिकली देऊ नको असं कुठं म्हणालाय? आणि चिप नाहीच ह्यांना." मग म्हणाली, "आई, लहानपणापासून मला प्रत्येक हळदीकुंकवाला दाराजवळ बसवायचे. फिट आली तर उचलून बाहेर न्यायला सोपं. आज मी पहिल्यांदा मध्ये बसणार. ज्याच्यामुळं बसणार, तेच वाण द्यावंसं वाटतंय मला."

आता सांगा, ह्यावर कुठली सासू नाही म्हणेल?

पाकिटं भरली. सगळ्यांत पहिलं हळदीकुंकू तिनं मला लावलं. मी हात धरला, म्हटलं, "अगं, मी विधवा बाई, बायका काय म्हणतील?" तर म्हणाली, "म्हणू देत. तिळगूळ खातील आणि गप्प बसतील." दुपारी बायका आल्या. ती मधोमध बसली, काळी चंद्रकळा नेसून, आणि एकेकीच्या ओटीत पाकीट घालत गेली. मी कॉफी आणून देत होते. कुणीतरी सगळ्यांना तिथंच टिकल्या लावायला लावल्या आणि फोटो काढला. अवधूत तेव्हा दुसऱ्या गावी परिषदेला गेला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं आम्हा दोघींना वाटलंच नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर केतकी गेली.

कशी गेली ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. झोपताना तिनं टिकली काढली आणि बाथरूमच्या आरशाला लावून ठेवली. आपण सगळ्याच बायका लावतो ना, तशी. त्या आठवड्यात तिच्या कपाळाला पुरळ आलं होतं, म्हणाली, जरा एक रात्र मोकळं राहू दे. झोपेतच फिट आली. सकाळी चहा घेऊन मी गेले, तर ती पालथी होती आणि अवधूत तिला हाका मारत होता. मेलं ते कपाळ, मेलं ते पुरळ! मी अजूनही स्वतःशी म्हणते, बाई, एक रात्र खाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं.

अवधूत रडला नाही. दहनाहून परत आल्यावर बाथरूममध्ये गेला, आरशासमोर उभा राहिला आणि बाहेर आला तो सरळ कामाला लागला. टिकलीखालची त्वचा मोकळी राहावी म्हणून तिला जाळी पाडली, की रात्रीसुद्धा काढावी लागू नये. पेटंट मिळालं. लहानशी कंपनी काढली, तिचं नाव ठेवलं 'केतकी'. माणूस गेला की लोक फोटोला हार घालतात, ह्यानं कारखाना काढायला घेतला.

आणि कारखाना उभा राहायच्या आतच एका बड्या औषधकंपनीनं तीच वस्तू बाजारात आणली. रंग तेवढा पांढरा. दीड-दोन वर्षांत युरोपभर कपाळाकपाळावर दिसायला लागली.

अवधूतनं त्यांच्यावर नकलेचा दावा लावला. त्यांनी उलट अर्ज टाकला, की मुळात ह्याचं पेटंटच रद्द करा. तो अर्ज गेला मिलानला.

हे कोर्ट कसं आहे ते ऐका, गंमत आहे. पूर्वी युरोपात दर देशात वेगळा खटला चालायचा. एकाच वस्तूवर जर्मनीत हरायचं आणि फ्रान्समध्ये जिंकायचं. मग बऱ्याच देशांनी मिळून पेटंटपुरतं एकच कोर्ट काढलं. नकलेचे दावे बहुतेक त्या त्या देशातल्या शाखांकडं. पेटंट मुळात खरं की खोटं, ते बघायला मध्यवर्ती विभाग, आणि तोही विषयवार दोन-तीन शहरांत वाटलेला. औषधं, उपकरणं, माणसाच्या शरीराशी संबंधित असेल ते मिलानला. एका खटल्याला तीन न्यायाधीश, आणि तिघंही एकाच देशाचे कधीच नाहीत. दोघं कायद्याचे. तिसरा त्या विषयातला जाणकार, त्या खटल्यापुरता निवडून आणलेला. आमच्यासाठी रसायनशास्त्रज्ञ आणला होता. ही कल्पना मला फार पटली. ब्लाउज बिघडला तर न्याय करायला एक तरी शिंपी हवाच ना!

आधी सगळी लिखापढी. मग तिघांतला एक न्यायाधीश दोन्ही बाजूंना पडद्यावर बोलावून भांडणातला पालापाचोळा काढतो आणि ठरवतो, की आता नेमका प्रश्न कोणता उरला. मग एकच दिवस तोंडी सुनावणी. सकाळी सुरू, संध्याकाळी खलास, आणि साधारण सहा आठवड्यांत निकाल. आपल्याकडं तारखेवर तारीख पडते, इथं तारीख पडली की निकालच पडतो. तो निकालही कोर्टातल्या सगळ्या देशांना एकदम लागू. अवधूत म्हणायचा, "जिंकलो तर सगळीकडं जिंकलो. हरलो तर सगळीकडं हरलो."

आमच्या खटल्यात पालापाचोळा काढल्यावर प्रश्न उरला तो एकच. हळदीकुंकवाचा.

त्या कंपनीच्या वकिलांकडं म्हणे एक यंत्र आहे. जगात जेवढे फोटो टाकलेले असतील तेवढे चाळतं. त्यानं तुरीनच्या मराठी मंडळाच्या पानावरचा आमचा संक्रांतीचा फोटो शोधून काढला. काळ्या साड्या, आणि सगळ्यांच्या कपाळावर एकसारखी काळी टिकली. अर्ज मार्चमधला, फोटो जानेवारीतला. फोटोतली वैशाली आता कॅनडात असते. तिनं लिहून दिलं, की ही टिकली मला त्या घरी वाण म्हणून मिळाली आणि काढताना तेल लावावं लागलं. कुणाच्या हातून मिळाली ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं लिहिलं नाही.

इथला नियम भलताच कडक. अर्ज करण्याआधी ती वस्तू जगात कुठंही, एका जरी परक्या माणसाच्या हातात गुप्ततेची अट न घालता गेली, तर ती 'नवी' राहत नाही. स्वतः शोध लावणाऱ्याच्या घरातून गेली तरी नाही. घेणारीनं ती उघडून तपासली का, हे कुणी विचारत नाही. तपासता आली असती, एवढं त्यांना पुरतं.

त्यामुळं फोटोतल्या टिकल्या प्रयोगशाळेतल्या, की दुकानातल्या, ह्यावर सगळं येऊन ठेपलं. आणि हे सांगणारं घरातलं माणूस जिवंत होतं एकच. कोर्टानं मला साक्षीला बोलावलं.

अवधूत त्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. "आई, त्या आपण जयसिंगपूरहून आणलेल्या पाकिटांतल्या होत्या. हो ना?"

हे विचारणं नव्हतंच. मी म्हटलं, "मी जे काय सांगायचं ते तिथंच सांगेन."

"सांग की. मला काळजीच नाही. मी केतकीला सांगितलं होतं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. ती माझा शब्द मोडणार नाही." मग म्हणाला, "ह्या सगळ्यात एवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक आहे."

त्याच्याकडं बायको उरली नव्हती, मूल नव्हतं, होतं ते हे पेटंट एवढंच. आणि त्याची किल्ली माझ्या हातात देऊन ठेवली होती देवानं. मला सांगा, खोटं बोलायला काय लागत होतं? "दुकानातल्या" एवढा एक शब्द. पोराचं आयुष्य उभं राहत होतं. मी आई आहे, मी बोललेही असते. निघाले तेव्हा माझं तेच ठरलं होतं.

पण आगगाडीत ती पोर भेटली.

तुरीन ते मिलान तासाभराचा प्रवास. आमच्या समोरच्या बाकावर एक आई आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या कपाळावर पांढरी टिकली, हातात कडं. आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती, अगदी तोंड उघडं टाकून. फिटवाल्या माणसाच्या घरचं माणूस असं झोपत नाही हो. मी झोपले नाही कधी. ती झोपू शकत होती, कारण पोरीच्या हातात कडं होतं.

मी अवधूतला हळूच विचारलं, "ही त्यांचीच ना रे?"

"हो. चीक माझा, शाई माझी."

"आणि आपण जिंकलो तर?"

"मनाई हुकूम. सगळ्या देशांत त्यांची विक्री बंद, एका दिवसात."

"मग ह्या पोरीचं काय?"

"ती आपली घेईल. कारखाना सुरू झाला की."

"कधी होईल तो?"

"थोडा वेळ लागेल, आई."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच काहीतरी लागलं असावं, कारण त्यानं मान वळवली. थोडा वेळ! केतकीला एक रात्र पुरली होती. माझा मुलगा वाईट नाही. दुःखानं माणसाला जवळचं दिसेनासं होतं, एवढंच. पण मला ती पोर दिसत होती, आणि तिची उघड्या तोंडाची आई. माझं ठरलेलं तिथंच मोडलं. आणि आणखी एक सांगते. दिलेलं वाण कुणी परत घेतं का? केतकी मध्ये बसून ते देत होती तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. "असं काही झालंच नाही" म्हणून मी ते पुसून टाकू?

कोर्ट म्हणजे बँकेच्या बैठकीची खोली वाटावी असं साधं. मधे अध्यक्षीणबाई डेन्मार्कच्या, एका बाजूला पोर्तुगालचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला फिनलंडचे ते रसायनशास्त्रज्ञ. बोलायचं ते सगळं ध्वनिमुद्रित होतं. कानात भाषांतराचं यंत्र होतंच, पण शपथेवरच्या जबाबाला त्यांना माणूसच लागतो, म्हणून माझ्याशेजारी ती दुभाषी मुलगी. सासवडची, मुक्ता नाव. "काकू, सावकाश बोला, मला वेळ द्या," म्हणाली.

पडद्यावर फोटो लावला. मधोमध केतकी, हसत होती.

रसायनशास्त्रज्ञांनी विचारलं, "ह्या टिकल्या कुठून आल्या, हे आपल्याला ठाऊक आहे का?"

अवधूत समोरच बसला होता. फोटोकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता, लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवरून बघायचा तसा.

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "त्या अवधूतच्याच. प्रयोगशाळेतून घरी आणून ठेवलेल्या डब्यातल्या."

मुक्तानं ते इंग्रजीत सांगितलं. अवधूतचा चेहरा माझ्यासमोर बदलला. आधी त्याला कळलंच नाही, मग कळलं, आणि मग त्याची नजर माझ्यावरून निघून पडद्यावर गेली. केतकीवर. ती नजर मी ओळखली. ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला त्यानं दगा दिला, की माणूस असा बघतो. ह्याचा विचार मी केलाच नव्हता! खरं बोलायचं एवढंच ठरवून आले होते. त्या खऱ्याची झळ कुणाला लागणार ते मला तेव्हा दिसलं.

कंपनीचे वकील उठले. सभ्य माणूस होता, आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे आपल्या सूनबाईंनी, श्रीमती केतकी यांनी, त्या पाहुण्यांना दिल्या. बरोबर?"

"नाही," मी म्हणाले. "मी दिल्या."

मुक्ता बोलायची थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा गळा मोकळा, मंगळसूत्र नाही. सासवडची पोर ती, विधवा सासू घरात सवाष्ण सून असताना वाण देत नाही हे तिला कुणी शिकवायला नको. ती हलकेच म्हणाली, "काकू, तुम्ही?"

"हो, मी. सांग त्यांना. त्या दिवशी केतकीच्या हातातलं कडं थरथरलं म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन पडली. बायका दाराशी आलेल्या. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवू का? मी कपाट उघडलं, पहिला दिसला तो डबा घेतला. मला काय ठाऊक प्रयोगशाळेतलं आणि दुकानातलं? टिकली ती टिकली. तिला नंतर फोटोपुरती उठवली. मी काय वाटून बसले ते तिला ठाऊकच नव्हतं."

शपथेवर बोलले हे. नरसोबाला काय उत्तर द्यायचं ते मी माझं बघून घेईन.

मुक्तानं सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "कुणाच्या हातून दिल्या गेल्या ह्यानं आमच्या निर्णयात फरक पडत नाही. घेणाऱ्यांना त्या गुप्त ठेवायला सांगितलं होतं का, एवढं सांगा."

फरक पडत नाही! अहो बाई, मला सगळ्या जगात तेवढाच फरक पडत होता.

"वाण आहे ते," मी म्हणाले. "घरी न्यायचं, वापरायचं, चारचौघींत मिरवायचं. गुप्त कसलं त्यात?"

"परत मागता येतं का?"

"परत मागितलं तर वाण कसलं?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. अवधूतची वकीलबाई बराच वेळ बोलली, की हा खाजगी घरचा कार्यक्रम होता, पाहुण्या ओळखीच्या होत्या. पण तिच्या आवाजातच जीव नव्हता. मला बाहेर बसवलं. मुक्तानं पाण्याचा पेला आणून दिला. साक्षीदाराशी बोलायची तिला परवानगी नव्हती. पेला देताना तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरला, आणि गेली.

घरी आल्यावर अवधूतचा बांध फुटला. "तू? डोळे फुटले होते का तुझे? डब्यावर लेबल होतं, आई!" मी खाली मान घालून ऐकत होते. तो ओरडत होता, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. तो माझ्यावर ओरडत होता. त्याला माझी गोष्ट खरी वाटली होती. अडाणी म्हातारीनं घोळ घातला, ह्यावर विश्वास ठेवणं किती सोपं असतं! आणि त्याला विश्वास ठेवायचाच होता. फोटोकडं बघतानाची ती नजर त्याच्या डोळ्यांत पुन्हा आली नाही. कपाटावरचा केतकीचा फोटो त्यानं पुसला आणि नीट लावला, मी बघितलं.

सहा आठवड्यांनी निकाल आला. पेटंट रद्द. सगळ्या देशांत, एका दिवसात. वरच्या कोर्टात जाता आलं असतं, वकीलबाई म्हणाली, उपयोग नाही. त्याच्या कंपनीत भागीदार होते, ते आठवड्यात गेले. आता ती टिकली कुणालाही बनवता येते. ऐकते, की पोलंडात कुणी सुरू केली, पोर्तुगालात कुणी, आणि कोल्हापूरच्या एमआयडीसीतसुद्धा एकानं मशीन बसवलंय. आगगाडीतली ती पोर कुठं असेल कोण जाणे. मी तिचा विचार करते तेव्हा मला वाईट वाटत नाही. अवधूतचा विचार करते तेव्हा वाटतं, बाई, काय करून बसलीस.

त्यानं माझं तिकीट काढलं. मला म्हणाला, "तू जयसिंगपूरला जा. मला तुझ्याकडं बघवत नाही." भांडलाही नाही, नुसतं सांगितलं. मी बॅग भरली. इतकी वर्षं सांभाळलेलं घर, तिची भांडी, तिची कढई, सगळं तिथंच ठेवलं.

विमानतळाला जायची टॅक्सी खाली आली होती. तो बॅग घेऊन जिना उतरला, डिकीत ठेवली आणि दार धरून उभा राहिला. मी आत बसणार, एवढ्यात म्हणाला, "आई, त्या दिवशी तिला बरं नव्हतं म्हणून. नाहीतर केतकीनं तुझा हात धरला असता. तुला थांबवलं असतं तिनं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच बघत होते मी.

"हो रे बाळा," मी म्हणाले. "तिनं थांबवलं असतं मला."

आणि गाडीत बसले.